एक फुटाचा पूर

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमके काय होते, ते मला त्या मंगळवारी सकाळी कळले. समोर आठ फुटांचा निळा फलक, हातात ब्रश आणि खिळ्याला अडकवलेला नगरपालिकेचा टाइप केलेला कागद. मथळा होता 'आपल्या गावाने सोसलेल्या आपत्ती'. पहिले वादळ, त्यात गिरणीची चिमणी पडली. मग गारपीट, शाळेची कौले फुटली. मग लागोपाठ दोन दुष्काळ. एवढे रंगवून झाले होते. पाचवी ओळ अशी होती: 'महापूर. पाण्याची कमाल उंची एक फूट. मृत सहा.'

एक फूट! एक फूट पाण्यात सहा माणसे बुडून मेली? काय, ओंजळीत नाक बुडवून जीव दिला की काय त्यांनी? त्या सहांमधली एक माझी ताई होती. नऊ वर्षांची. मी तेव्हा पाच वर्षांचा.

ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला आणि तसाच रंगाच्या हातांनी नगरपालिकेत गेलो. गावात मला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे पेंटरच म्हणतात. माझ्या वडिलांनाही तेच म्हणायचे.

इंजिनिअर बाई नवीन आहेत, माझ्या सुनेच्या वयाच्या. टेबलावर पाळणाघराचा नकाशा पसरला होता. हे पाळणाघर वाचनालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत होणार, आणि माझी दोन वर्षांची नात तिथे जाणार म्हणून आमच्या घरात आतापासून तयारी सुरू आहे.

"बसा काका. चहा सांगू?"

"चहा राहू दे. हा एक फूट कुठल्या शहाण्याने लिहिला?"

"का? बरोबरच आहे की. त्यावरूनच तर पाळणाघराची जमीन दीड फूट उचलून घेतली आहे. पुराच्या वर अर्धा फूट जास्तच. उद्या सकाळी काँक्रीट पडतंय."

"लिहिलं कोणी ते सांगा!"

बाईंनी कपाटातून एक जुनी फाइल काढली, पान उघडून माझ्यासमोर सरकवले. नऊ वर्षांपूर्वीची पाहणी. 'वाचनालयाच्या भिंतीवरील पूररेषा: एक फूट.' खाली मोजणाऱ्याची सही. शेपूट काढलेली, झोकदार. गावातल्या निम्म्या पाट्यांखाली आहे तीच.

माझीच.

पूर ओसरला त्या आठवड्यात वडिलांनी वाचनालयाच्या भिंतीवर पाण्याच्या डागावरून लाल रेघ ओढली होती. मुलगी गेलेली, आणि हा माणूस पट्टी लावून रेघ ओढत होता. दर उन्हाळ्यात ती रेघ आमच्याच घरातल्या माणसाने ताजी करायची, हे तेव्हापासूनचे ठरलेले. नऊ वर्षांपूर्वी मी तेच करत असताना एक कारकून स्कूटर बंदही न करता विचारून गेला, "पेंटर, किती उंच आहे हो ती?" मी टेपचे टोक रस्त्याला टेकवले. म्हटले, एक फूट. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर सहीही ठोकली.

आणि तेव्हा काही खटकलेही नाही. कारण मला आठवते ते पाणी माझ्या गुडघ्यापर्यंतचेच होते.

परत जाताना वाचनालयासमोर थांबलो. आत जायला पायऱ्या नाहीत, रस्त्यावरून सरळ दारात. माझ्या लहानपणी सहा होत्या. मी त्या मोजत उतरायचो. दर निवडणुकीला रस्ता नवा झाला, जुना थर खरवडायची तसदी कोणी घेतली नाही, थरावर थर चढले; नऊ वर्षांपूर्वी मी मोजले तेव्हाच रस्ता उंबऱ्याला लागून थांबला होता. म्हाताऱ्यांना आता चढावे लागत नाही, म्हणून नगराध्यक्षांनी सत्कारसुद्धा करून घेतला! रेघ होती तिथेच होती. आम्हीच वर आलो होतो. आणि मागची पाळणाघराची जागा मात्र अजून जुन्याच पातळीला, रस्त्यापेक्षा साडेतीन फूट खाली.

अध्यक्षांना लोक साखरतोंड्या म्हणतात. त्यांच्या कचेरीत जाऊन मी सगळे सांगितले, तरी हसतच होते.

"अहो पेंटर, फुटाफुटानं काय बिघडतं? शुक्रवारी फलकाचं उद्घाटन आहे. फलक वाचायला कोण येतंय, लोक फोटो काढायला येतात."

"फलक गेला खड्ड्यात! पोरं झोपणार आहेत तिथं. उद्याचं काँक्रीट थांबवा."

"कागद सगळे मंजूर आहेत. शिवाय आकडा तुमचाच."

"मग माझी चूक मीच खणून दाखवतो."

"सरकारी रस्त्याला हात लावलात तर पोलिसांत देईन."

"द्या. नाव शुद्ध लिहा म्हणजे झालं. नाहीतर मीच रंगवून देतो."

बुधवारी उजाडताच कुदळ घेऊन वाचनालयाच्या दाराशी गेलो. मागच्या जागेकडे जाणारी एकुलती एक गल्ली तिथूनच निघते. "वय काय, करताय काय," असे बायको वाटभर बोलत होती आणि घमेले तिच्याच डोक्यावर होते. डांबर, खडी, डांबर, खडी. जुन्या दाराचा रंग खरवडावा तसे थर निघत होते. प्रत्येक घावाला मी अध्यक्षाला शिवी देत होतो आणि त्यातली निम्मी मलाच लागत होती. पहिली पायरी लागली. दुसरी. दहाच्या सुमाराला सहावी उघडी पडली आणि तिच्याखाली जुन्या रस्त्याची फरशी.

काँक्रीटची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवू लागली. मी खड्ड्यातून हललो नाही. थोड्या वेळाने इंजिनिअर बाई धावत आल्या.

"काका, बाहेर या. हे काय चालवलंय?"

"तुम्ही खाली या."

काय वाटले कोण जाणे, त्या उतरल्या. फरशीवर उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे वळल्या. लाल रेघ त्यांच्या हनुवटीखाली होती. त्यांनी मागच्या जागेकडे पाहिले, पुन्हा रेघेकडे पाहिले, फोन काढला आणि गाडी परत पाठवली. पलीकडून साखरतोंड्या ओरडत होता ते मलाही ऐकू येत होते. बाई एवढेच म्हणाल्या, "सर, मी सही करणार नाही."

तरीही माझा राग उतरला नव्हता. कसा उतरेल? ताईने मला मागून ढकलत ढकलत या पायऱ्या चढवल्या होत्या. मी वर पोचून दाराची कडी धरली, गुडघाभर पाण्यात. मागे वळलो तेव्हा ती खाली होती, फक्त तोंड दिसत होते. पुन्हा पाहिले तेव्हा नव्हती. मी वरून पाहिलेले पाणी आयुष्यभर खरे मानले आणि तिला बुडवणारे पाणी कागदावरून पुसून टाकले.

बाईंनी टेप काढली. "काका, फलकावर नवा आकडा लागेल. कुठून मोजू?"

मी टेपचे टोक त्यांच्या हातातून घेतले, वाकलो आणि फरशीवर दाबून धरले.

"इथून," मी म्हटले. "माझी ताई उभी होती, तिथून."