धुतलेली मेंढरं आणि आबांची गाठ

बाळांनो, डोळे मिटा. ओढ्यात धुतलेली वीस मेंढरं उन्हात उभी आहेत, लोकरीतून पाणी गळतंय. दिसली? आता माझ्यासोबत औरंगाबादच्या दवाखान्यात चला.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत, ते दिवस. कधी शहर बंद, कधी एसटी बंद. फुलंब्रीकडच्या मल्हारीआबांच्या शौचाच्या जागी कॅन्सरची मोठी गाठ झाली होती. सोबत मुलगा बिरू आणि दहा वर्षांची नात सुगंधा.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनआधी मशीनमधून किरणांचा शेक द्यावा लागेल. एक रीत पाच दिवसांची, ती झाली की लगेच ऑपरेशन. दुसरी पाच आठवड्यांची. सोबत औषध, मग दोन महिने थांबायचं, नंतर ऑपरेशन. तुमची गाठ शेजारच्या भागाला चिकटलीय, म्हणून मला दुसरी बरी वाटते."

"पाच दिसाचंच द्या," आबा म्हणाले. "मेंढरं कातरायची हायेत. अन् या बंदात रोज कोन येनार?"

"वाळूजला माझी खोली हाय की," बिरू म्हणाला. तो तिथल्या नव्या कारखान्यात लागला होता. "मी आनतो सायकलवर."

आबा ऐकेनात. तेव्हा सुगंधानं विचारलं, "आबा, मेंढरू धुतलं की लगेच कातर लावता का?"

"खुळी का काय! वल्या लोकरीत कातर गुतती. वाळू द्यावं लागतं."

"मग गाठीला नाय व्हय थांबायचं?"

डॉक्टर हसले. "गाठ वाळत नाही, पण आकसते. मग पूर्ण काढता येते."

आबांनी मान डोलावली. पाच आठवडे शेक झाला. रक्त थांबलं, भाकरी गोड लागू लागली. दोन महिने सरत आले, तशी बिरूच्या खोलीवर आबांनी गाठोडं बांधलं. "लई बरं वाटतंय. आता चिरायचं कशापायी? निघतो मी मेंढरांकडं."

बिरूनं समजावलं, पण आबा उंबऱ्यापर्यंत गेलेच. सुगंधानं गाठोड्यातली कातर उपसून त्यांच्यापुढं धरली.

"धुतलं, वाळलं. आता न कातरताच सोडनार?"

आबांनी गाठोडं खाली ठेवलं. मग खोखो हसले. "माय, तू तर मास्तरीणच झालीस! चल, कुठं जायाचं?"

सुगंधानं कातर आपल्या दप्तरात टाकली, आबांचं बोट धरलं आणि दवाखान्याकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला.