ओल्या बोटांचा बाजा

आप्पांनी पुन्हा बोट टेकवलं. बाजा गप्प.

"जरा दाबून बघा," सूनबाई म्हणाली. आप्पांनी नख पांढरं पडेपर्यंत दाबलं, तरी तेच. मग तिने त्याच पट्टीला नुसतं बोट लावलं, आणि मेला तो बाजा असा खणखणीत वाजला की दोघांनाही दचकायला झालं.

आप्पांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "पुन्हा झटका येणार बहुतेक," ते हळूच म्हणाले. "हाताला आधी कळतं."

आप्पा तिचे सासरे. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेला माणूस. नवरा गेल्यापासून घरात हे दोघंच, आणि घर तिच्या पगारावर चाललेलं. अर्धांगाच्या झटक्यातून आप्पा उठले, पेला धरू लागले, शर्टाची बटणंसुद्धा लावू लागले. पण रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी पांघरुणात बोटं हलवून बघायचे. मरणाला ते भीत नव्हते. पुन्हा अंथरुणाला खिळायला भीत होते. आज ते जेवायलाही उठले नाहीत, हात शालीखाली घेऊन भिंतीकडे बघत बसून राहिले.

बाजा ती कामाला होती त्या कारखान्यातला. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली आणि मागे कागद वाळवायचं पत्र्याचं छप्पर. तिथे रद्दी भिजवून, कुटून लगद्याचा जाड कागद करायचे आणि त्यावर वीज वाहून नेणाऱ्या काजळीच्या शाईने दोन-दोन रेघा छापायचे. रेघांच्या मध्ये केसभर फट. बोट टेकलं की वीज बोटातून ती फट ओलांडते आणि त्या पट्टीचा सूर वाजतो. प्लास्टिकचं नाव नाही. पट्टी खराब झाली की पाण्यात टाका, पुन्हा लगदा. मालकीणबाईंना या गोष्टीचा कोण अभिमान! आलागेला कोणीही असो, त्याला लगद्याची बादली दाखवल्याशिवाय त्या सोडत नसत.

सूनबाईचं काम सगळ्यात शेवटचं. एकेका पट्टीला बोट लावायचं, सूर उमटेपर्यंत पट्टी हळवी करणारा मागचा बारीक स्क्रू पिळायचा, आणि उमटला की थांबायचं. जास्त पिळला तर दमट हवेत बाजा आपला आपणच गुणगुणायला लागतो. बाकीच्यांना पिळून पिळून घाम फुटायचा. हिच्या बोटाखाली पट्टी लगेच बोलायची. "ताईंच्या हाताला गुण आहे," असं बाई चारचौघांत सांगायच्या. उद्या सकाळी या बाज्यांची खोकी एका उपचार केंद्राला निघणार होती. आप्पांसारखीच, हातातली ताकद गेलेली माणसं तिथे बोटांचा व्यायाम करणार होती. त्यातलाच एक बाजा बाईंनी आपणहून आप्पांसाठी दिला होता.

तेवढ्यात खालची इस्त्रीवाली मावशी कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर आली. ही बाई गप्प बसणारी नव्हे. हे काय नवीन खूळ म्हणत तिने बाज्यावर बोट ठेवलं, मग दुसरं, मग पाचही. बाजा गप्प.

"आमच्याशी नाही बोलत बाई तुझा बाजा," मावशी हसत म्हणाली, आणि शालीखालच्या आप्पांना दोन शब्द ऐकवून निघून गेली.

सूनबाई मात्र जागच्या जागी थिजली. दिवसभर इस्त्री धरून मावशीचे हात कसे असायचे ते तिला ठाऊक होतं. कोरडे, खरखरीत. आप्पांचेही तसेच, वयाने सुकलेले. आणि आपले?

तिने तळहात उघडून बघितला. चमकत होता. शाळेपासून हे असंच. भीती वाटली की तळहाताला घाम, आणि घाम कोणाला दिसेल या भीतीने आणखी घाम. कामाला लावून घेताना बाईंनी एकच विचारलं होतं, हात कोरडे असतात ना, कागदाचं नि पाण्याचं वाकडं. तिने बेधडक हो म्हटलं होतं. दाराबाहेर हाताला पावडर चोळूनच ती आत गेली होती. त्या दिवसापासून, आज कळेल की उद्या कळेल, या धास्तीत तिचा हात वाळलाच नव्हता. त्या हाताने तिने सगळे स्क्रू लावले होते. ओल्या बोटाला लगेच बोलणारी पट्टी कोरड्या बोटाला मुकीच राहणार.

बोलावं की नाही? बोललं तर नोकरी गेली. मग आप्पांची औषधं कुठून आणायची? नाही बोललं तर कुणाला पत्ता लागणार होता? तिने मान वळवली. आप्पा शालीच्या आत बोटं हलवून बघत होते. शाल किंचित हलत होती. ते तिच्याने बघवेना.

तिने वाटीत पाणी आणलं, त्यांचा हात बाहेर ओढला, बोट बुडवलं आणि पट्टीवर टेकवलं. सूर वाजला. आप्पा लहान मुलासारखे बघत राहिले. त्यांनी स्वतःच पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा वाजवलं, मग दुसरी पट्टी, तिसरी.

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही, आप्पा. खोट माझ्या हातात आहे," ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगून बसली.

आप्पा रागावले नाहीत. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे बाजे?"

हा प्रश्न त्यांनी विचारू नये म्हणून ती केव्हापासून मनातल्या मनात हात जोडून बसली होती.

सकाळी ती पोचली तेव्हा टेम्पोत खोकी चढत होती. बाई आतल्या टेबलाशी उभ्या होत्या. सूनबाईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाईंना आधी चेष्टाच वाटली. तुमच्या हाताला तर गुण आहे, असं काय बोलता, म्हणून त्या हसल्या. मग तिने टेबलावरचा एक कोरा कागद समोर ओढला आणि त्यावर पंजा टेकवला. उचलला तेव्हा कागदावर अख्खा हात उमटला होता, रेषांसकट, आणि कागद तेवढ्या आकारात फुगायला लागला होता.

बाईंचं हसू मावळलं.

"इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

"कुणाला हातात हातच घेऊ दिला नाही," सूनबाई म्हणाली.

बाईंनी दारातून टेम्पोवाल्याला हाक मारून खोकी उतरवायला सांगितली. परत येऊन त्यांनी तो कागद दोन कडांनी अलगद उचलला, मागच्या छपराखाली गेल्या आणि दोरीवर इतर कागदांच्या ओळीत चिमटा लावून टांगला.

"वाळू दे, मग बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर खोकी एकेक करून खाली येत होती. आत येऊन कामाला बस, की घरी जा, हे तिला कुणीच सांगत नव्हतं. ती छपराच्या खांबाशी उभी राहिली आणि तो कागद वाळायची वाट बघू लागली.