देवराईतली कोळंबी

पाच दिवसांत मिथुन म्हात्रेचं डोकं पार उठलं होतं. नीलपर्ण नावाचं दुर्मिळ फुलपाखरू रोह्यापलीकडच्या देवराईत दिसतं, असं कळल्यावर पेणहून तो रजा टाकून आला होता. हे फुलपाखरू फुलांना हुंगत नाही, सडक्या वासाला येतं. म्हणून रोज संध्याकाळी तो देवराईतल्या दगडावर घरून आणलेली कुजकी कोळंबी ठेवून जायचा. आणि सकाळी येऊन बघावं, तर दगड लख्ख!

शेवटी देवराई झाडणाऱ्या पारीमावशीवरच तो करवादला. "कुठलं मेलं जनावर रोज माझी कोळंबी खातंय?"

"जनावर कशाला? मीच उचलते," पारी म्हणाली. "देवाच्या रानात असली घाण ठेवतात व्हय? आमच्या घरामागं उकिरड्यावर नेऊन टाकते."

मिथुन कपाळावर हात मारून खाली बसला. मग एकदम उठून उभा राहिला. "तिथं निळ्या पंखांचं फुलपाखरू येतं का गो मावशी?"

"काल आलं व्हतं ना एक. लय सुंदर."

"मग?"

"कोंबडीनं खाल्लं."