शेवंतीची सोयरीक

पुणतांब्याला गोदावरीच्या काठाला आबासाहेबांची पागा हुती. लढाईचा काळ. नगरच्या छावनीतनं घोडी गेली, त्यांच्या जागी रनगाडे आले. पेट्रोल औषधाला मिळंना, आन् टांगेवाल्यांचे दिवस सोन्याचे झाले. पन आबासाहेबांची घोडी टांग्याची न्हवती बरं का. रेसची हुती. पुन्याच्या मैदानावर पहिली यावी अशी आबासाहेबांची लई विच्छा. घोड्यांची तेवढी न्हवती.

पागेचा सगळा कारभार गनीभाईकडं. मेंदी लावलेली दाढी, करडा आवाज, आन् डाव्या हाताचं एक बोट निम्मं. उरलेलं निम्मं बेगमनं खाल्लेलं. बेगम म्हंजे पागेची थोरली घोडी, आता मरून गेलेली. गनीभाई ते थोटं बोट असं मिरवायचा, जशी पाटलानं अंगठी मिरवावी. "खानदानी घोडीनं खाल्लंय," म्हनायचा, "भटक्या कुत्र्यानं न्हाई."

त्या बेगमसारखी घोडी परत झाली न्हाई. छाती अशी की दम सरायचाच न्हाई. तिला एकाच घोड्यापासनं दोन पोरं झाली. लेक गुलछडी आन् ल्योक बहाद्दर. दोघंबी पुन्याला पळाली, गाजली, वारली. मागं राहिला गुलछडीचा ल्योक सुरमा, काळा कुळकुळीत, पागेचा वळू. आन् राहिली बहाद्दरची लेक शेवंती. दोघांचं ठान समोरासमोर. रोज एकमेकांची तोंडं बघायची, पन सोयरीक न्हाई. कारन आबासाहेब.

आबासाहेबांनी घोड्यांनाबी देवक लावलं हुतं. हसू नका. मानसात कसं, एका देवकाची पोरगा-पोरगी म्हंजे भाऊ-भन, लगीन व्हत न्हाई, तसंच पागेत. बेगमच्या पोटचं जेवढं म्हनून पैदा झालं त्याला त्यांनी कळंबाचं देवक दिलं, आन् कळंबाची घोडी कळंबाच्या घोड्याला दाखवायची न्हाई असा कायदा करून टाकला. मग शेवंतीला बाहेरचे नवरे. पुन्याचा एक झाला, मुंबैचा एक झाला, कुन्या संस्थानिकाचा एक झाला. पोरं देखनी झाली, लग्नातल्या नवरदेवाला बसायला ब्येस. पळायला म्हशी.

शेवटचं शिंगरू पुन्याहनं हरून परत आलं तवा आबासाहेबांचं डोकं फिरलं. "खोट घोडीतच हाय," म्हनले. आन् बेलापूर टेशनावरच्या लालमहंमद टांगेवाल्याला सबुद दिला, गुढीपाडवा झाला की शेवंती घेऊन जा.

शेवंती गनीभाईच्या हातावर जन्मलेली. तिच्या नाकपुड्या त्यानं आपल्या पटक्यानं पुसल्या हुत्या. ती आता बर्फाच्या लाद्या आन् गुळाच्या भेल्या वढनार, लालमहंमदाचा चाबूक खानार. लालमहंमद मानूस वाईट न्हवता, पन टांगा तो टांगाच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वाड्याच्या ओसरीवर गेला. आबासाहेब पान लावत बसले हुते.

"आबासाहेब, एक डाव शेवंती सुरम्याला दाखवू द्या. मग खुशाल टांग्याला जुंपा."

आबासाहेबांच्या हातातली चुन्याची डबी तिथंच थांबली. "सुरम्याला? शुद्धीवर हाय का तुमी? एक रगात हाय त्यांचं!"

"त्येच तर म्हनतो ना! बेगमचं रगात पान्यात टाकलेल्या दुधागत पातळ पातळ व्हत गेलंय. सुरम्यात थोडं, शेवंतीत थोडं. दोन्हीकडनं एका जागी आलं, तर परत दाट व्हईल."

"आन् पाप दाट व्हईल त्याचं काय?" आबासाहेब म्हनले. "गनीभाई, तुमच्यात चुलतभन चालती. आमच्यात कळंबाला कळंब चालत न्हाई. कानाला खडा."

"मी घोड्यांचं बोलतोय जी."

"मीबी घोड्यांचंच बोलतोय! माझ्या पागेत मुकं जनावर असलं म्हून काय त्याला अब्रू न्हाई?"

झालं. गनीभाई उठून आला. पागेत मोतद्दार कानिफनाथ घोड्याला खरारा करत हुता. त्यानं वरनं मीठ टाकलं. "बरं झालं चाचा, न्हाई म्हनले ते. दोन्हीकडनं बेगम आली तर चावनं पन दोन्हीकडनं येईल. तुमचं नऊ बोटांवर भागतंय, माझी अजून धा हायती."

गनीभाई हसला, पन बोल त्याला लागला. कारन पोरगं खरं बोललं हुतं. गूळ दुप्पट टाकला की मुंग्याबी दुप्पट. त्यानं आदल्या रातभर तोच घोर लावून घेतलेला. बेगमचे पाय कसे हुते? लोखंड. खूर? घट्ट. डोळे, पोट, दम, सगळं आठवून आठवून तपासलं. वाईट एवढंच की चावायची. चावरी चालंल, लंगडी चालली नसती. असा हिशेब करून तो आबासाहेबांकडं गेला हुता, आन् आबासाहेबांनी देवकावर गाडी उलटी केली.

घरी खातूनबीनं भाकरी वाढली. यानं ती नुसती कुस्करून ठेवली.

"काय झालं?" तिनं इचारलं. यानं सगळं सांगितलं.

खातूनबी गावातली जुनी सुईन. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळं कोन कुनाचं कोन ते तिला पाठ. ती म्हनली, "तुमी रगात रगात करत बसलात. रगात म्हनलं की मानूस भितंय. त्यांच्या नात्यानं सांगायचं हुतं."

"म्हंजे कसं?"

"सुरम्याची आई गुलछडी. शेवंतीचा बाप बहाद्दर. हे दोघं कोन?"

"सख्खी भावंडं."

"मग शेवंती सुरम्याची कोन लागली?"

गनीभाईनं पान्याचा तांब्या वर धरलेला तसाच धरून ठेवला. "मामाची पोर!"

"आन् वाड्यातल्या कडूबाई लग्नाआधी आबासाहेबांच्या कोन हुत्या?"

गनीभाई भाकर सोडून उठला. "अवो, खाऊन तर जावा!" ती वरडली. पन गडी गल्लीच्या टोकाला पोचला हुता.

ओसरीवर आता कडूबाईपन हुत्या. सूप घेऊन बाजरी पाखडत हुत्या. गोरी, ठसठशीत बाई, आन् तोंड असं की आबासाहेब गावाला भारी, पन घरात हलके. गनीभाईनं लांबनंच मुजरा घातला आन् खातूनबीनं सांगितल्यापरमानं नातं उलगडलं. गुलछडी, बहाद्दर, सुरमा, शेवंती.

आबासाहेब म्हनले, "ते काय बी असंल. देवक एकच."

सुपाचा आवाज थांबला. "कुनाचं देवक?" कडूबाईंनी इचारलं.

"बेगमचं. कळंब."

"बेगम सुरम्याची कोन?"

"आजी. आईची आई."

"आईकडनं देवक कवापास्नं चालायला लागलं?" कडूबाईंनी सूप खाली ठेवलं. "देवक बापाचं असतंय. तुमच्या आईचं देवक लावता का तुमी? सुरम्याचा बाप पुन्याचा. त्याचं देवक येगळं, शेवंतीचं येगळं."

आबासाहेबांनी तोंड उघडलं. त्यातनं आधी पानाचा रस आला.

"पन रगात..." ते कसंबसं म्हनले.

"मग मी कोन हाय तुमची? तुमच्या सख्ख्या मामाची पोर न्हवं? मला करून घेतली तवा न्हाई बाटलं रगात? आपली चार लेकरं काय लंगडी झाली? का मी चुकून आले या घरात? तसं असंल तर सांगा, लालमहंमदाचा टांगा येनारच हाय, त्यातच बसून माहेरी जाते!"

गनीभाई जमिनीकडं बघत हुता. हसू दाबल्यामुळं त्याची दाढी हालत हुती.

"अगं, मी कुठं काय म्हनलो," आबासाहेब पुटपुटले. मग घसा खाकरून आवाज मोठा केला, "गनीभाई! मामाची पोर हाय म्हनल्यावर पयला हक्क त्याचाच. हे तुमी आधी का न्हाई बोललात?"

"चुकलं जी," गनीभाई म्हनला.

पन आबासाहेब पक्के. सोयरीक म्हनली की सुपारी फुटली पायजे. त्यांनी पागेच्या दारात पाटावर सुपारी फोडली, मुलाकडनं स्वतः बसले आन् मुलीकडनं गनीभाईला बसवलं. कडूबाईंनी शेवंतीच्या कपाळाला कुंकू लावलं. ती माजावर आली त्या सकाळी गनीभाईनं तिची शेपटी धडप्यानं बांधली आन् बिसमिल्ला म्हनून तिला सुरम्यापुढं नेली. कानिफनाथ कासऱ्याला लोंबकळत म्हनला, "चाचा, नवरीची पाठवनी लई रडून करत्यात. तुमी तर दात काढताय."

पाडव्याला लालमहंमद आला तो हात हालवत गेला. आबासाहेबांनी त्याला सांगितलं, घोडी गाभन हाय. शिंगराचं पानी बघतो, मग बोलू. म्हंजे तलवार अजून टांगलेलीच. गनीभाईनं ते वरीस कसं काढलं त्यालाच ठावं. शेवंतीला लसूनघास स्वतः कापून घालायचा, पोटाला कान लावायचा, आन् दाटलेलं रगात गोड निघतंय का कडू, हे कुनालाच सांगता येत न्हाई म्हनून दिवस मोजत बसायचा.

माघात एका पहाटे तांबडं फुटताना शेवंती व्याली. मादी झाली. काळी, आजी गुलछडीसारखी पांढरी काडी कपाळावर. गनीभाईनं पटका काढून तिच्या नाकपुड्या पुसल्या. लांब लांब पाय, चार दिशांना चार. पडली. उठली. परत पडली. आबासाहेब घोंगडं पांघरून दारात उभे. तिसऱ्या खेपेला उठली ती चारी पाय रोवून उभीच राहिली, आन् आईच्या कासेपर्यंत एकटी गेली. गनीभाईनं तिच्या छातीवर तळहात ठेवला. त्यानं वर बघितलं तवा त्याचे डोळे भरलेले.

"काय?" आबासाहेबांनी इचारलं.

"पळंल का ते अल्लाला ठावं," गनीभाई म्हनला. "पन छाती बेगमची हाय."

उन्हाळ्यात लालमहंमद परत आला. नदीच्या वाळूत शेवंती चरत हुती आन् तिची लेक तिच्याभवती वारं प्यालेल्यागत फेऱ्या घालत हुती. वाळू उडायची आन् खाली पडायच्या आत ही पल्याड.

"मग आबासाहेब," लालमहंमद म्हनला, "घोडी कवा नेऊ?"

तेवढ्यात शिंगरू मागनं आलं आन् त्याच्या सदऱ्याची बाही दातात धरून टरकन फाडली.

कानिफनाथानं पटदिशी दोन्ही हात पाठीमागं लपवले. आबासाहेब असे हसले, असे हसले की खाली वाळूतच बसले. "लालमहंमद, जवाब मिळाला का? हिच्या आईला टांग्याला जुंपतोस व्हय? शेवंती न्हाई मिळायची आता. मरंस्तवर या पागेतच खाईल." मग गनीभाईकडं वळून हळूच म्हनले, "गनीभाई, हिलाबी पुढं घरातलाच नवरा बघायचा का वो? आतेभाऊ-बितेभाऊ?"

"न्हाई जी," गनीभाई म्हनला. "दाट झालंय तेवढं बास. हिला आता लांबचा बघू. चांगल्या घरचा."

आन् त्यानं थोटं बोट पुढं केलं. शिंगरानं ते हुंगलं, जरा इचार केला, आन् सोडून दिलं.