आत्याच्या किटलीचा भोंगा

“तुझा भोंगा वाजला नाही म्हणजे आत्या ठणठणीत, असं मात्र समजून बसू नकोस हं,” आत्या म्हणाली होती.

भाचीनं ते हसण्यावारी नेलं. तिच्या दातांत स्क्रू होता, हातात आत्याच्या किटलीची वायर. तिनं नुसतं “हूं” केलं.

आत्या त्याच इमारतीत दोन मजले वर एकटी राहायची. चिमणी पोटात होती तोवर भाची रोज सकाळी वर एक फेरी मारायची. बाळंतपणानंतर जिना अंगावर यायला लागला आणि फेरी राहूनच गेली. काळजी मात्र गेली नाही. निजलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी ही बाई, तिची काळजी कुठली जायला! कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, तेव्हा तिनं काळजीचं यंत्रच करायला घेतलं. आत्या उठली की आधी किटली लावते. किटलीच्या वायरवर करंट सेन्सर बसवायचा. किटली चालू झाली की खाली भाचीच्या ओट्यावरच्या डबीत हिरवा दिवा लागेल. सकाळ उलटून गेली तरी लागला नाही, तर बझर.

वायर न कापता आतल्या तारेभोवती कड्यासारखा बसणारा सेन्सर तिनं निवडला. पहिल्या खेपेला दोन्ही तारा एकाच कड्यातून ओवल्या. पाणी खळखळून उकळलं, तरी आकडा शून्यावरून हलेना. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात, हे परीक्षेत लिहिलेलं हातानं करताना ती विसरली होती.

“माझा चहा पिऊन झाला, तुझ्या यंत्राला पत्ताच नाही,” आत्या कप विसळत म्हणाली. “तुझे मार्क नक्की कोणी दिले गं?”

बझर निवडताना मात्र तिनं कसर ठेवली नाही. एक होता गोड, हवा तो सूर लावता येणारा. पण त्याच्या आवाजानं चिमणीची पापणीसुद्धा हलली नाही, आणि रात्रभर जागलेली आईही अशीच झोपून राहील अशी तिला धास्ती वाटली. दुसरा वीज मिळाली की एकाच कर्कश सुरात कोकलणारा. तिनं तोच बसवला आणि आत्याला खाली बोलावून वाजवून दाखवला.

चिमणी दचकून जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. आत्यानं तिला खांद्यावर घेतलं, खोलीभर येरझाऱ्या घातल्या, पोर हुंदके देत निजली तेव्हा आत्याचा पदर भिजून गेला होता.

“भोंगा आहे की सूड?” आत्या कुजबुजली. “हा पुन्हा वाजता कामा नये बाई.”

आणि तो वाजला नाही. सकाळी चिमणीला पाजताना दिवा लागायचा, एका बाजूचं पिऊन होईपर्यंत तेवत राहायचा, मग विझायचा. झाला आत्याचा चहा. वर जायला नको, फोनही आपोआप कमी झाला. केलाच तर आत्या म्हणायची, “मजेत आहे गं. पोरीकडे बघ.”

मग दिवा लागल्या लागल्या विझायला लागला. भाचीला ते दिसलं. नजरेतून काही सुटत नाही अशी तिची ख्यातीच होती. सेन्सरचं कडं सैल झालं असणार, असं म्हणून तिनं ते रविवारवर ढकललं. दिवा लागतोय ना, मग झालं. रविवारी चिमणी नवऱ्याकडे सोपवून, पक्कड आणि चिकटपट्टी घेऊन ती वर गेली. जिना चढताना तिच्या डोक्यात कडंच होतं.

बेल वाजवली तर आतून आवाज आला, “तुझ्याकडच्या किल्लीनं उघड.”

आत्या पलंगावर होती. घोटा सुजून काळानिळा पडलेला, ओठ सुकलेले. उशाशी स्टूल, त्यावर किटली, आणि किटलीची वायर सेन्सरसकट तिथवर ओढून आणलेली. बिस्किटांचा रिकामा पुडा. भाचीनं किटली उचलली. कोरडी ठणठणीत.

“बाथरूमपाशी पाय घसरला,” आत्या म्हणाली. “म्हटलं उतरेल सूज. पहिल्या दिवशी किटली कशीबशी इथवर आणली, मग नळापर्यंत काही जाववेना.”

“आणि किटली?”

“रिकामी जळेल म्हणून लगेच बंद करत होते. लावली नसती तर तुझा भोंगा वाजला असता ना. पोर दचकली असती.”

भाचीनं पक्कड आणि चिकटपट्टी स्टुलावर ठेवली.

“तू कशी आलीस पण? कळलं की काय तुझ्या यंत्राला?” आत्यानं कौतुकानं विचारलं.

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. “सेन्सर बघायला आले होते,” भाची म्हणाली.

आत्यानं बिस्किटांच्या रिकाम्या पुड्याची घडी घातली. मग म्हणाली, “बरं झालं. आता आधी पाणी दे.”

दवाखान्यात घोट्याचं हाड मोडल्याचं निघालं. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली आणि भाचीनंच त्यांना थांबवलं. आत्या प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून आता खालीच असते, चिमणीला मांडीवर घेते, आणि भाचीला एका शब्दानं बोलत नाही. भाचीला तेच सोसत नाही.

छंद म्हणून यंत्रं करणाऱ्यांच्या ज्या गटात तिनं मोठ्या हौसेनं डबीचा फोटो टाकला होता, तिथे अजून लोक विचारतात: ताई, बझर कुठला घेतलात? सेन्सर किती अँपिअरचा? परवा तिनं सगळं नीट लिहिलं. एकच तार कड्यातून घाला. बझर कर्कश घ्या. किटली किती वेळ चालली तेही मोजा, मी मोजलं नाही. मग आणखी लिहिलं:

“हे सामान मागवायच्या आधी, ज्यांच्यासाठी करताय त्यांच्याकडे आज जाऊन या. फोनवर मजेत आहे म्हणाले तरी जा. त्यांना उठून चार पावलं चालायला सांगा, किटलीत पाणी आहे का बघा. आत्ता वाचताना जे कोणी डोळ्यांसमोर आलं ना, त्यांच्याकडेच.”