दुसरी रेघ

पट्टीबाईने म्हातारीचं बोट चिमटीत धरून सुई टोचली आणि रक्ताचा थेंब कागदी पट्टीच्या टोकाला टेकवला.

“एवढंच? मला वाटलं, बाटलीभर काढाल.”

“तुमच्यात बाटलीभर आहे कुठे, आजी?”

म्हातारी मनापासून हसली. तिच्या हनुवटीवर, गालांवर फिकट चट्टे होते. दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून सहा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पूर्वी यासाठी कातडीचा तुकडा काढून शहरात पाठवावा लागे; उत्तर येईपर्यंत माणूस नाद सोडून देई. ही पट्टी कपभर चहाहून स्वस्त, आणि पंधरा मिनिटांत बोलणारी. सात वर्षं प्रयोगशाळेत हात धुऊन तिच्या मागे लागल्यामुळेच बाईला हे नाव पडलं होतं.

पट्टी बोलेपर्यंत पट्टीबाईने फॉर्म काढला.

“घरात कुणाला लांबलेला ताप आला होता?”

“नातवाला. पोट फुगलं, हातपाय काड्या झाले. गेल्या वर्षी गेला.” म्हातारीने टोचलेलं बोट मुठीत मिटलं. “माझ्याशिवाय झोपायचा नाही. गालाला गाल लावून.”

पट्टीवर दुसरी रेघ उमटली. चट्ट्यांत त्याच तापाचे, काळ्या आजाराचे, जंतू होते. म्हातारीला चावलेली वाळूमाशी कुशीतल्या पोरालाही चावली असणार. पट्टीबाईने पट्टी फॉर्मखाली सरकवली.

“गोळ्या घ्याव्या लागतील, आजी. बारा आठवडे.”

“घेईन की. पण हे एकाचं दुसऱ्याला होत नाही ना?”

पट्टीबाईने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

“नाही हो, आई,” दारातून सून म्हणाली. “साधे चट्टे आहेत.”

फाटकापर्यंत ती पट्टीबाईच्या बरोबर आली.

“तुमचं पत्रक कालच वाचलं मी. माशीचं चित्र आहे त्यात.”

“मग तुम्ही आत...”

“त्यांना सांगू नका, ताई.”

“आज ना उद्या कळेलच.”

“उद्याचं उद्या.” सुनेने फाटकाची कडी उगाच वर-खाली केली. “माझा पोरगा त्यांच्याकडे आपणहून नाही जायचा. माझ्याजवळच रडत बसायचा. मीच उचलून द्यायचे. मला झोप हवी असायची.”

पट्टीबाईने हातातला फॉर्म दुमडला.

“अगं,” आतून म्हातारीची हाक आली, “गोळ्या कडू आहेत का, विचार त्यांना.”

सुनेने आपले गाल कोरडे आहेत ना, ते चाचपून पाहिलं.

“नाहीत, आई,” न विचारताच ती म्हणाली आणि आत गेली.