मागितलं की द्यायचं

शुक्रवारी सकाळी आकोसिता मागच्या दारी कसावा सोलत बसली होती आणि तिची मुलगी वाथिसेवा शेजारच्या चटईवर पडून फेसबुकवरचे आपले फोटो पुसत होती. सोमवारी तिची मुलाखत होती, किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या हॉटेलात, स्वागतकक्षातल्या जागेसाठी. फोन बरोबर आणावा, उमेदवारांची खाती पाहिली जातील, असा हॉटेलचा निरोप होता. का पाहिली जातील हे त्यात नव्हतं, आणि अख्ख्या सिंगातोका गावात कुणी ते विचारलंही नव्हतं.

मायलेकींनी एकेक फोटो तपासला. नाताळातला नाच गेला. रग्बीचा सामना जिंकल्यावर भावंडांनी बिअरच्या बाटल्या उंचावल्या होत्या, तोही गेला. चर्चमधल्या फोटोवर मात्र आकोसिता अडून बसली.

"हा राहू दे. यात तू गातेयस."

"आई, मागे सेरू जांभई देतोय बघ."

"देऊ दे की. त्याला कुठे नोकरी हवीय?"

फोटो संपले आणि दोघींना वाटलं, आता सगळं स्वच्छ झालं. निरोप पुसायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. फोटो लोकांना दाखवायला असतात. दोन बहिणींचं आपापसातलं बोलणं कोण कशाला वाचेल? आणि त्या निरोपांत केलेरा होती.

केलेरा ही वाथिसेवाची चुलत बहीण. तिचा नवरा विलिकेसा तिला मारायचा. ती माहेरी आली की घरातली मोठी माणसं समजूत काढायची आणि पुन्हा त्याच दारात नेऊन सोडायची. शेवटी ती कुणालाही न सांगता लाउतोकाला गेली आणि साखर कारखान्यामागे एका शिक्षिकेच्या घरी लपून राहिली. ते ठिकाण आमच्याकडे एकट्या वाथिसेवाला ठाऊक होतं. विलिकेसा दारोदार बायकोचा पत्ता विचारत फिरत होता आणि तो पत्ता त्याला सापडला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सोमवारी हॉटेलच्या बाकावर पांढऱ्या ब्लाउजातल्या मुली फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आतल्या खुर्चीवर अमिनियासी होता, नोकरभरतीचा अधिकारी. आमच्या रीतीप्रमाणे त्यानं आधी गाव विचारलं, मग आईचं गाव विचारलं, आणि त्याचा चेहरा खुलला. आकोसिता त्याच्याच गावची, नात्यानं बहीण. म्हणजे तो मामा निघाला. वाथिसेवाचा जीव भांड्यात पडला. कामाच्या प्रश्नांना तिनं झकास उत्तरं दिली. मग मामानं हात पुढे केला.

"केरेकेरे, फोन दे जरा."

केरेकेरे ही आमच्याकडे नुसती विनंती नाही. नात्यातल्या माणसानं हा शब्द उच्चारून होडी मागितली, चटई मागितली, अंगावरचा सदरा मागितला, तरी द्यायचा असतो. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. या शब्दावर आमची गावं वादळातून उभी राहिली आहेत. तोच शब्द हॉटेलच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं नोकरी मागायला आलेल्या पोरीपुढे टाकला. मला संताप येतो तो याचा. नुसता नियम सांगितला असता तर ती कदाचित नाही म्हणू शकली असती. मामाला नाही कसं म्हणणार?

त्यानं फोटो पाहिले, चर्चमधला पाहून मान डोलावली. मग त्याचं बोट निरोपांकडे वळलं.

"मामा, ते आमचं आपलं बोलणं आहे," ती हळूच म्हणाली.

"मामापासून काय लपवायचं गं?"

तो वाचत राहिला. वडीलधाऱ्याकडे रोखून पाहायचं नसतं, म्हणून ती फरशीकडे पाहत राहिली. फोन परत देताना तो म्हणाला की पोरगी चांगल्या वळणाची आहे.

त्याच संध्याकाळी अमिनियासी यांगोना, मुळी कुटून केलेलं आमचं पेय, प्यायला बसला. त्या बैठकीत विलिकेसाचा थोरला भाऊ होता. करवंटी फिरता फिरता अमिनियासीनं त्याला सांगितलं की तुमची भावजय लाउतोकाला अमक्या शिक्षिकेकडे आहे, जाऊन गोडीनं मिटवून घ्या. त्याच्या मनात वाईट नव्हतं, असं आता सगळे म्हणतात. मला ते ऐकायचंच नाही. जे वाचायचा हक्क नाही, ते चांगुलपणानं वाटायचाही हक्क नाही.

विलिकेसा दुसऱ्याच दिवशी लाउतोकाला पोचला. हॉटेलातल्या अमिनियासीला पत्ता कळतो आणि मला नवऱ्याला कळत नाही, असं दारात ओरडत तो आत घुसला. शेजाऱ्यांनी त्याला आवरेपर्यंत केलेराचा डावा कान कायमचा गेला होता. या खेपेला पोलिसांनी त्याला धरलं. त्यांना जाग यायला एक कान लागला.

वाथिसेवा इस्पितळात तिच्या खाटेशी जाऊन बसली. केलेरानं विचारलं,

"तू सांगितलंस?"

"नाही. मी फोन दिला."

केलेराला ऐकू आलं नाही. वाथिसेवाला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

त्याच आठवड्यात हॉटेलातून फोन आला. निवड झाली होती, सही करायला बोलावलं होतं. घरात कुणी आनंद केला नाही. आकोसिता लेकीचा ब्लाउज इस्त्री करत म्हणाली, "तिथं तोंड उघडलंस तर नोकरी जाईल. नाही उघडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आता तुझं तू बघ."

हॉटेलच्या बाकावर त्या दिवशी खोल्या आवरण्याच्या कामासाठी आलेल्या मुली बसल्या होत्या, तशाच फोन मांडीवर घेऊन. अमिनियासीनं हसून खुर्ची दाखवली. वाथिसेवा बसली नाही. तिनं दारही लावलं नाही.

"मामा, मी तुमची वासू आहे ना?"

"आहेसच की."

वासू म्हणजे बहिणीचं लेकरू. आजोळी जाऊन ते हवं ते उचलू शकतं, अगदी अंगणातलं डुक्करसुद्धा, आणि मामानं हूं की चूं करायचं नसतं.

"काय हवंय माझ्या भाचीला?" अमिनियासी कौतुकानं म्हणाला.

"केरेकेरे, तुमचा फोन द्या. उघडून द्या."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण हात कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या खिशावर गेला आणि तिथंच घट्ट बसला.

"अगं, असं काय करतेस? यात घरचं असतं. बायकोचं, पोरांचं."

"केलेराचंही घरचंच होतं."

"नियम वरून आलाय, बाळा. मी केला नाही."

"हात तुमचा होता, मामा."

ती सही न करता बाहेर आली. बाकावरची एक डोंगराकडची धिप्पाड मुलगी उठली, तिनं आपला फोन पिशवीत टाकला आणि आत जाऊन सांगितलं की कामाचं काय ते विचारा, फोन मिळणार नाही. तिच्यामागून आणखी दोघींनी तेच केलं. एकीनं मात्र फोन दिला. तिच्या घरी आजारी माणूस होतं. तिला नावं ठेवायला मी तयार नाही. हॉटेलनं तिलाच घेतलं.

नियम अजून आहे. मुलाखती असतात त्या दिवशी वाथिसेवा आणि ती डोंगराकडची मुलगी हॉटेलच्या फाटकासमोर उभ्या राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात की नाही म्हणता येतं, आम्ही म्हटलंय. पहारेकरी हुसकावतो, तेव्हा त्या रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहतात.

आणि तुम्ही, जे खुर्चीत बसून नोकऱ्या देता, तुम्हालाच विचारते. आपल्या खिशावर हात ठेवायला अमिनियासीला कुठलाही वरचा नियम लागला नाही. तुमचाही हात तसाच आपोआप जाईल. मग दुसऱ्याच्या लेकीसमोर तोच हात पसरताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?